फोटोतली शपथ

हळद शिजायला लागली की तिचा वास वारंगा फाट्यापर्यंत येतो. फाट्यावर तसा कुठलाच वास धड टिकत नाही. डिझेल, भजी, जळकं टायर, सगळं आलेल्या गाडीबरोबर येतं आणि पुढच्या गाडीबरोबर निघून जातं. पण आजूबाजूच्या शिवारात हळद शिजवायचे कुकर पेटले, सरपणाच्या पऱ्हाट्यांचा धूर उठला आणि वाफ सुटली की तो ओला, मातकट, किंचित कडवट वास माझ्या दुकानात शिरतो आणि उन्हाळ्यापर्यंत बूड हलवत नाही. यंदा तो आला तेव्हा मी झेरॉक्सच्या मशीनवर फडकं मारत होतो. फडकं हातातच राहिलं. मागून कुणीतरी ‘चहा घ्या’ म्हणेल असं वाटलं आणि मी चक्क वळलो. मागं लॅमिनेशनचं मशीन होतं.

पाटीवर अजून ‘फोटो स्टुडिओ’ असंच लिहिलंय. आत फोटो म्हणाल तर पासपोर्टचे, तेही कुणाचा मोबाइल बिघडला असेल तर. बाकी आधार कार्डाची झेरॉक्स आणि सातबाऱ्याला प्लास्टिकचं कव्हर. मी तक्रार करत नाही. करण्यासारखी पुष्कळ आहे, पण करायची कुणापाशी, म्हणून करत नाही. सकाळी गावातून जीपनं येतो, शटर वर करतो, संध्याकाळी खाली ओढतो. धंद्यासाठी म्हणून दुकान उघडतो असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे घरात बोलायला माणूस नाही म्हणून उघडतो. इथं निदान ‘दोन्ही बाजूंनी काढा’ एवढं तरी कुणी म्हणतं.

फोटोचं वेड मला हिंगोलीत लागलं. वडील आम्हाला घेऊन बाजाराला गेले होते आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून फोटोला बसले. मागं पडदा, पडद्यावर तळं, तळ्यात हंस. तीन पायांवर उभा असलेला लाकडी कॅमेरा आणि त्यावर काळं कापड. मी सारखा मधे मधे करत होतो म्हणून फोटोवाल्यानं मला उचलून त्या कापडात डोकं घालू दिलं. मागच्या धुरकट काचेवर माझे वडील उलटे लटकत होते. ज्या माणसापुढं घरात कुणाची मान वर होत नव्हती तो माणूस पाय आभाळात आणि पटका खाली करून मुकाट बसलेला. मी हसत सुटलो. बाहेर आल्यावर मार खाल्ला, पण ते चित्र काही डोळ्यांपुढून गेलं नाही. माणसाला वेगळं बघता येतं, आणि तेही त्याच्या समोर उभं राहून, हे मला त्या दिवशी कळलं. पुढचं सगळं आयुष्य मी तेच करत आलोय.

लग्नं केली, बारशी केली, मेलेल्या म्हाताऱ्यांचे बसवून फोटो काढले. पण पंचक्रोशीत मला ओळखतात ते शपथेच्या फोटोंसाठी. सरपंचाच्या शपथेला सरकारी कागदात जागा आहे की नाही, हे मला आजवर नीट कळलेलं नाही. पहिली सभा होते, साहेब येतात, सह्या होतात, पेढे वाटतात. एवढ्यानं आमच्या गावाचं समाधान होत नाही. कचेरीतली सभा आटोपली की निवडून आलेल्यांनी हलगीच्या मागं चालत महादेवाच्या देवळात यायचं, हातात बेलभंडारा, म्हणजे बेलाची पानं आणि हळदीची पूड घ्यायची आणि पिंडीकडं तोंड करून गावाला शब्द द्यायचा. बेलभंडारा उचलला की माणूस बांधला गेला. ती शपथ लागते. मोडली तर घराला लागते, लेकराबाळांना लागते, असं मानणारे अजून आहेत. न मानणाऱ्यांचेही हात भंडारा उचलताना जरा कापतातच, हे मी जवळून पाहिलंय.

आता ह्यात फोटोवाल्याची पंचाईत अशी की शपथ घेणाऱ्याचं तोंड देवाकडं आणि पाठ गावाकडं. तोंडाचा फोटो पाहिजे तर मला पिंडीपुढं, देवाला पाठ करून उभं राहावं लागणार. पहिल्याच वेळी मी ते केलं आणि गुरवानं मला दंडाला धरून बाहेर काढलं. मग मी तोड काढली. देवळातली शपथ झाली की सगळ्यांनी तसंच भंडाऱ्यासकट बाहेर पारावर यायचं, माझ्याकडं तोंड करायचं, एक हात छातीपुढं आणि दुसरा वर. ही फोटोची वेगळी शपथ. नुसतं उभं केलं तर माणूस फोटोत ओंडक्यासारखा येतो, ओठ हलायला पाहिजेत, म्हणून मी ओरडायचो, ‘तोंड हलू द्या. काहीबी बोला.’ एक म्हातारा सदस्य घाबरला. परत शपथ म्हणजे दुहेरी बांधलं जाणं, असं त्याला वाटलं. मी त्याला म्हणालो, ‘बाबा, फोटोतली शपथ लागत न्हाई.’ ते वाक्य गावानं उचललं. पोरं कुणाच्या चिंचा पाडून आली की हात वर करून ‘आमी न्हाई पाडल्या’ म्हणायची आणि वर हळूच ‘फोटोतली शपथ’ असं जोडायची.

काहीबी बोला म्हटल्यावर माणसं काय काय बोलायची. एकानं बेचा पाढा म्हटला. एकानं पडलेल्या उमेदवाराला हसत हसत अशा शिव्या घातल्या की तो फोटो बघून कुणालाही वाटावं, माणूस किती प्रसन्न आहे. एका लाजऱ्या बाईनं उखाणा घेतला तर तिचा नवरा गर्दीतून पळाला. एकच सरळमार्गी माणूस असा निघाला की त्यानं पारावरही खरीच शपथ पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. नेमके त्याचेच डोळे मिटलेले आले.

अजूनही मुंबईचा शपथविधी टीव्हीवर दाखवतात तेव्हा मी जेवण बाजूला ठेवून बघतो. ‘मी शपथ घेतो की’ म्हटलं की पुढचे सगळे शब्द मला पाठ आहेत. कुणी ईश्वराला साक्ष ठेवतो, कुणी नुसतं गांभीर्य. मी मात्र कडेला उभ्या फोटोवाल्यांकडं बघत असतो. बिचाऱ्यांना लांब उभं केलेलं असतं. त्यांना ‘तोंड हलू द्या’ म्हणायची सोय नाही, परत घ्या म्हणायची नाही. शब्द तर एकदाच निघतो आणि हवेत जातो. मागं उरतो तो फोटो, आणि फोटोत आवाज नसतो. वर केलेला हात आणि अर्धवट उघडलेलं तोंड. त्यानं नेमकं काय कबूल केलं होतं, हे फोटो कधीच सांगत नाही. ह्या गोष्टीचा त्रास दुसऱ्या कुणाला होत असेल असं वाटत नाही. मला होतो, त्याला कारण आहे.

कमल माझी बायको. आमच्या गावची सरपंचाची जागा बाईसाठी सुटली तेव्हा गावातली चार माणसं घरी आली, ती मला विचारायला. वहिनींना उभं करू, कारभार तुमीच बघा, असा त्यांचा बेत. कमल चहा घेऊन आली होती. तिनं कप ठेवले आणि शांतपणे सांगितलं की उभी राहीन, पण खुर्चीत बसणारही मीच. चौघांनी माझ्याकडं पाहिलं. मी चहा पीत होतो. निवडून आली आणि माझी ओळख गेली. दुकानात गिऱ्हाईक ‘सरपंचबाईचे मिस्टर आहेत का’ म्हणून विचारत यायला लागलं. ती तालुक्याला, कळमनुरीला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून एकटी जायची आणि साहेबांच्या टेबलापुढून काम झाल्याशिवाय हलायची नाही. शाळेत पोरींसाठी संडास नव्हता, तो तिनं बांधून घेतला. मी बाहेर कुरकुर करायचो आणि आतून मला फार अभिमान वाटायचा. तो तिला कधी बोलून दाखवला असंही नाही. तिला कळत असावा.

त्या काळी माझी डार्करूम म्हणजे आमच्या घरातली धान्याची खोली. दाराला घोंगडी, आत लाल बल्ब, ज्वारीच्या पोत्यांना फोटोच्या औषधाचा वास. वर्तमानपत्रवाल्यांना काळापांढरा फोटो लागायचा, तो मी घरीच धुवायचो. बराच वेळ आत बसून दुपारच्या उन्हात बाहेर आलो की मला काही म्हणजे काही दिसायचं नाही. डोळे गच्च मिटून उंबऱ्यात उभा राहायचो. कमल यायची, मनगट धरायची, बाजेवर नेऊन बसवायची आणि हातात कप द्यायची. डोळे उघडायच्या आधी चहाची वाफ नाकाशी यायची. ती जास्त बोलायची नाही. एकदा म्हणाली की तुमाला कुणी उचलून नेलं तरी कळायचं नाही. मी म्हटलं, मला कोण नेतंय. हे इतकं रोजचं होतं की त्याचा फोटो काढावा असं मला कधी सुचलं नाही, आणि काढणार तरी कसा, डोळे माझेच मिटलेले.

तिच्या शपथेचा दिवस ह्याच हंगामातला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळद वाळत घातलेली, ऊन सुद्धा पिवळं वाटत होतं. देवळात तिनं पिंडीपुढं भंडारा उचलला आणि गावाचं पाणी, गावाचा पैसा कुणाच्या घरात वळू देणार नाही, असा शब्द दिला. तिचा आवाज बाहेरपर्यंत आला. मग सगळे पारावर. तिच्या शेजारी हुसेनाबी, तिच्याबरोबरच निवडून आलेली सदस्य. हुसेनाबीनं आपली शपथ देवळाच्या पायरीखाली उभं राहून, अल्लाहचं नाव घेऊन आधीच घेतली होती, फोटोला मात्र ती सगळ्यांत मिसळली. कमलनं त्या दिवशी जांभळं लुगडं नेसलं होतं. ते जांभळं आता फक्त मला आठवतं. फोटोत ते नुसतं काळं आहे, आणि हातातली हळद करडी, राखेसारखी.

मी नवरा म्हणून वेगळं काही केलं नाही. सगळ्यांना ओरडतो तसाच ओरडलो, तोंड हलू द्या, काहीबी बोला. कमलनं माझ्याकडं पाहिलं. कॅमेऱ्याकडं बघणं वेगळं आणि कॅमेऱ्यामागच्या माणसाकडं बघणं वेगळं, हे फोटोवाल्याला लगेच कळतं. आणि ती बोलायला लागली. पाढा नव्हता, उखाणाही नव्हता. चांगलं लांबलचक, थांबत थांबत, एका ठिकाणी मान हलवून. हलगीवाल्यांना नेमका तेव्हाच जोर चढलेला. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी बटण दाबलं.

घरी जाताना विचारलं, काय बोललीस म्हणून. ती म्हणाली, ‘फोटोत आलंय न्हवं? बघा तुमीच.’

मग तो आमचा वर्षानुवर्षांचा खेळ झाला. भांडण झालं की मी म्हणायचो, त्या दिवशी भर गावात मला शिव्याच घातल्या असशील. ती म्हणायची, फोटोला विचारा. फोटो धुऊन, मोठा करून, तिच्यापुरता कापून मी भिंतीवर लावला होता. कधी कधी जेवता जेवता मी त्याच्याकडं हात करून म्हणायचो, ही बया बोलत नाही काही. तिला हसू यायचं, पण सांगायची नाही. म्हातारपणी सांगीन, म्हणायची. म्हातारपण आलं. आम्ही दोघंही थकलो, केस पांढरे झाले, तिचे माझ्या आधी. सांगायचं मात्र राहून गेलं, कारण घाई कुणाला होती.

मागच्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. शेवटच्या दिवसांत माझा हात धरून पुन्हा पुन्हा ‘माफी करा’ म्हणायची. मी म्हणायचो, कशाची माफी, औषध घे आधी. तापात माणूस काहीबाही बोलतं. ती गेल्यावर बायका जमल्या. तिला हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. सवाष्ण गेली, भाग्याची होती, असं जो तो म्हणत होता. एकीनं तर माझ्यादेखत हात जोडून म्हटलं की मरण यावं तर असं. मला असा राग आला म्हणून सांगू. मी इथं भिंतीला टेकून बसून राहिलोय, हे कुणाचं भाग्य, असं विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. बायका चांगल्याच मनानं बोलत होत्या.

एकटं राहणं म्हणजे काय, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तरी कळलं नसतं. घरात आवाजच नाही. भांडं पडलं तरी बरं वाटतं. चहा करायला शिकलो, वाईट करतो. साखर दोनदा पडते, कारण टाकली का नाही हे विचारायला कुणी नाही. पोरगा पुण्याला असतो. रविवारी त्याचा फोन येतो, जेवलात का विचारतो, मी हो म्हणतो, मग दोघंही फोन कानाला लावून गप्प बसतो. तो चांगला आहे. तिकडं या म्हणतो. पण तिकडं गेलो तर ह्या घरात तीही एकटी पडेल, असलं काहीतरी माझ्या डोक्यात येतं. येड्यासारखंच आहे ते, पण येतं.

आणि तो फोटो. पूर्वी तो खेळ होता, आता माझी अडचण होऊन बसली. भिंतीवरून काढून, भिंग घेऊन मी तिच्या ओठांकडं बघत बसायला लागलो. आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडं बघितली, पण हे एक तोंड काय म्हणतंय ते मला कळेना. ती मला काहीतरी सांगून गेली होती, माझ्याकडं बघून, गावासमोर, हातात हळद घेऊन, आणि ते फक्त मलाच माहीत नव्हतं. बाकी सगळ्याशिवाय माणूस जगतो. ह्याच्याशिवाय मला जगणं जड चाललं होतं.

हळदीचा वास दुकानात शिरला त्याच दिवसांत पोरग्यानं फोनवर म्हटलं की वर्षश्राद्धाला आईचा मोठा फोटो करू, शपथेचाच. भिंतीवरचा डागाळलेला होता म्हणून मी दुकानातला निगेटिव्हचा पत्र्याचा डबा काढला. पट्टी सापडली. दारात उभं राहून उजेडासमोर धरली. निगेटिव्हमध्ये काळं ते पांढरं दिसतं. त्या तरुण कमलचे केस पांढरे शुभ्र होते, शेवटी होते अगदी तसे. मग कडेला नजर गेली. भिंतीवरच्या फोटोतून मी कापून टाकलेल्या भागात हुसेनाबी होती. सगळे माझ्याकडं बघत होते आणि ती एकटी कमलकडं बघत होती, तोंडावर पदर दाबून. ती ऐकत होती. इतकी वर्षं मी बोलणारीच्या तोंडाला भिंग लावून बसलो होतो, आणि ऐकणारी मी स्वतःच कात्रीनं कापून डब्यात ठेवली होती.

हुसेनाबी आता हिंगोलीला लेकीकडं असते, पण हळदीच्या दिवसांत गावी येते. ह्याच दिवसांत गावात नव्या पंचायतीची शपथ होती. यंदाही सरपंच बाईच आहे, शिकलेली, कुणाची तरी नवी सून. तिचा मला फोन आला होता. व्हिडिओ सगळेच काढतील काका, पण मला पारावरचा फोटो पाहिजे, कमलकाकूंसारखा, असं म्हणाली. मी नाही म्हणणार होतो. पण आता गावात थांबायला मला कारण झालं. शपथेच्या दिवशी दुकान बंद ठेवलं, पासपोर्टचा डिजिटल कॅमेरा गळ्यात घातला आणि देवळाकडं जायच्या आधी हुसेनाबीच्या अंगणात गेलो.

ती शिजलेल्या हळदीचे गड्डे मोडून ताडपत्रीवर पसरत होती. हात मनगटापर्यंत पिवळे. बस म्हणाली, कमलची आठवण काढली, पाणी आणायला नातीला हाक मारली. मी पाणी येईस्तोवर थांबलो नाही. त्या दिवशी पारावर कमल काय बोलली ते तुमी ऐकलंय, मला सांगा, असं एकदम विचारून टाकलं.

तिचे हात थांबले. ‘काहून विचारून राहिले भाऊ?’ ती म्हणाली. ‘तिनं मला कसम घातली होती, तुमाला सांगायचं न्हाई म्हणून.’

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, ‘आता तीच न्हाई, तर कुणासाठी गप बसू. म्हणली, ह्या हळदीची शपथ, आधी हा माणूस जाईल अन् मी त्याच्या मागून. ह्याला एकट्याला ठेवून मी पुढं जाणार न्हाई.’

हुसेनाबीनं तिला तिथंच दटावलं होतं. हातात हळद धरून असं बोलतात का, तुमच्या बायका तर उलटं मागतात, नवऱ्याच्या आधी ने म्हणून. त्यावर कमल हसून म्हणाली होती की माझी हळद पुसली तरी चालंल, पण हा अंधारातून बाहेर आला की ह्याला काही दिसत न्हाई, हाताला धरून बसवायला कुणीतरी पाहिजे. आणि हे कुणाला सांगू नको, लोक अपशकुनी म्हणतील.

‘म्हणजे मी आधी मरावं अशी शपथ घेतली व्हय बायकोनं,’ मी म्हणालो. हुसेनाबी हसली, मीही हसलो. मग दोघंही एकदमच थांबलो. तिनं पिवळ्या हातानंच डोळे पुसले आणि गालावर पट्टा उमटला. नातीनं आणलेलं पाणी मी प्यायलो.

देवळाकडं जाताना पाय मला कुठं नेत होते ते धड कळत नव्हतं. मी सरपंचांच्या शपथा पाहिल्या, सोसायटीच्या चेअरमनच्या पाहिल्या, टीव्हीवर मंत्र्यांच्या पाहिल्या. गावाचं भलं करीन, राज्याचं भलं करीन. स्वतःचं काही जाईल अशी शपथ कुणी घेतल्याचं मला आठवत नाही. कमलनं काय पत्करलं होतं, ते आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा. कोरं कपाळ, रिकामे हात, लग्नात मागं सरकून उभं राहणं, हळदीकुंकवाचं बोलावणं नाही. हे सगळं तिनं मागून घेतलं होतं, आणि ते का, तर मला बाजेवर नेऊन बसवता यावं म्हणून. आणि ती गेली तेव्हा सगळा गाव म्हणत होता की बायका जे मागतात ते तिला मिळालं.

पण ह्याच्याही मागून एक विचार आला आणि त्यानं मला रस्त्यातच थांबवलं. ती माफी मागत होती. तापात बरळत नव्हती ती. तिला सगळं आठवत होतं. हळद हातात घेऊन दिलेला शब्द आपल्याकडून मोडतोय, असं समजून माझी बायको गेली. आणि मी तिला म्हणालो होतो, औषध घे.

पारावर गर्दी होती. देवळातली शपथ झाली आणि सगळे भंडाऱ्यासकट बाहेर आले. हलगी होती, पण व्हिडिओत आवाज नीट यावा म्हणून मोबाइलवाल्या पोरांनी ती थांबवली होती. मी जुन्या जागेवर उभा राहिलो आणि कॅमेरा डोळ्याला लावला. नवी सरपंच पोरगीच म्हणायची, हातातल्या हळदीकडं बघत होती. तिच्या शेजारची जागा मी ह्या वेळी फोटोत येऊ दिली. लांब पायरीपाशी हुसेनाबी येऊन उभी राहिलेली मला दिसली. पोरीनं एक हात वर केला, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, ‘काका, काय बोलू?’

हा प्रश्न मला आयुष्यभर सगळ्यांनी विचारलाय आणि उत्तर मी कधी विचार करून दिलं नाही. ह्या वेळी कॅमेऱ्यात मला पोरगी नीट दिसत नव्हती. मी डोळे मिटले. उंबऱ्यात उभा राहायचो तसा उभा राहिलो, आणि कुणी मनगट धरणार नाही हे माहीत असून क्षणभर थांबलो.

‘काहीबी बोल, बाई,’ मी म्हणालो. ‘फोटोतली शपथ लागत न्हाई. कुणालाच लागत न्हाई.’

नेहमीसारखे सगळे हसले. हुसेनाबी हसली नाही. माझा आवाज फार मोठा झाला होता, देवळात आतपर्यंत गेला असणार. इतक्या मोठ्यानं ओरडायची काही गरज नव्हती. हलगी बंद होती, आणि पोरगी तर माझ्यापुढं हाताच्या अंतरावर उभी होती.